सहलीवरचा नियम

माजी आमदार जोतिराम सरगर यांनी उभ्या आयुष्यात फोनवरून लोकांना काय काय पटवलं होतं! न झालेला रस्ता झालाय म्हणून पटवलं होतं, पडलेला उमेदवार आत्ता निवडून येतोय म्हणून पटवलं होतं, आणि एकदा तर पक्षाच्या अध्यक्षांना, मी मुंबईतच आहे साहेब, असं होटगी स्टेशनच्या फलाटावरून पटवलं होतं, तेही मागं गाडीची शिट्टी होत असताना. पण त्या दिवशी दुपारी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून ते एक साधी, खरीखुरी गोष्ट सांगत होते आणि ती पलीकडच्याला पटत नव्हती.

"उदय, ऐक माझं. गोजा सिरीयस हाय. डोक्यात रक्त साकळलंय. डॉक्टर म्हणत्यात, जवळच्यांना बोलवून घ्या. सुकूला गाडीत बसव आन लगोलग पाठव हिकडं."

पलीकडं उदयसिंह हसला.

"आबा, मानलं तुमाला. परीक्षा घेताय व्हय आमची?"

"अरं परीक्षा कसली! खरं सांगतोय."

"पाठ झालंय आबा. पहिला नियम तोच की."

तो नियम आबांचाच होता.

सुकन्या ही आबांची एकुलती एक लेक. नुकतीच ती सासरच्या गणातून पंचायत समितीवर निवडून आली होती. सभापतीची निवड उद्यावर होती आणि दोन्ही बाजूंत फरक होता एका मताचा. अशा वेळी आपल्याकडं जे करतात तेच उदयसिंहानं केलं होतं. आपल्या बाजूचे सगळे सदस्य गाडीत भरून सहलीला नेले होते. सहल म्हणायचं आपलं, पण तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. विरोधकांनी आपली माणसं पळवू नयेत म्हणून मतदानाच्या तासापर्यंत त्यांना लांब कुठंतरी खाऊपिऊ घालून सांभाळायचं. मोबाईल एका पिशवीत गोळा करायचे, पिशवीला गाठ मारायची आणि ती गाठ मतदान झाल्यावरच सोडायची.

ही विद्या या भागात आबांनी आणली. आबा मेंढरं राखणाऱ्या घरातले. बाप पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडायचा तो मिरगालाच परत यायचा. त्या घरातला पहिला शिकलेला पोरगा, पहिला झेडपी सदस्य आणि मग पहिला आमदार. दोनदा निवडून आले, दोनदा पडले, मंत्रिपदाची शाल दोनदा खांद्याजवळ येऊन दुसऱ्याच्या खांद्यावर पडली. तरी त्यांच्याइतका माणसं सांभाळणारा गडी त्या पट्ट्यात झाला नाही. ते म्हणायचे, "मेंढरं राखलेल्या माणसाला सदस्य राखायचं शिकवू नगा. लांडगा कुटनं येतो ते आमाला वासानं कळतं."

उदयसिंह त्यांचा चेला. निवृत्त झाल्यावर आबांकडं येणारी माणसं आटली होती, तो मात्र यायचा. सहल निघायच्या आधी तो होटगी रोडच्या घरी आला, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, काही सांगा. आता एवढं कुणी विचारल्यावर म्हातारा काय गप्प बसतोय! आबांनी मांडी ठोकून सगळी विद्या ओतली. मयताची बातमी आली तर ती खोटीच समजायची. आजारपणाची आली तर दुप्पट खोटी समजायची. सदस्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. आणि मग जरा फुशारकीच्या भरात, बायको गोजाबाई चहा घेऊन आल्या होत्या त्यांच्यादेखत, आबा बोलून गेले, "माझा फोन आला तरी इश्वास ठेवायचा न्हाय. माझ्यावर कोण कसला दबाव आणंल सांगता येत न्हाय."

गोजाबाई कप ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या, "चांगलं शिकवताय. माणूस मेलं तरी खरं मानू नगा म्हणून."

त्याच गोजाबाई आज सकाळी नळाला पाणी आलं म्हणून घागर लावायला गेल्या आणि घागर भरून वाहायला लागली तरी उठल्या नाहीत. नातीनं, आजोळी राहणाऱ्या सुकन्याच्या अंकितानं पाहिलं. येडूनं, म्हणजे आबांच्या आमदारकीपासूनच्या ड्रायव्हरनं, उचलून गाडीत घातलं. तपासणीला आत नेताना नर्सनं अंगावरचं सगळं उतरवून आबांच्या हातात दिलं. बांगड्या, कुड्या, जोडवी आणि डोरलं. आबांनी ते रुमालात बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. पंचेचाळीसएक वर्षांच्या संसारात ते डोरलं त्यांनी गळ्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

मधून मधून गोजाबाईंना शुद्ध येत होती. डोळे उघडायच्या, दाराकडं बघायच्या आणि जड जिभेनं एकच विचारायच्या, "सुकू आली?"

आबा म्हणायचे, "निघालीया. वाटंत हाय."

हे खोटं तर सहज जमलं. बाहेर येऊन ते पुन्हा फोन लावायचे. सुकन्याचा फोन बंद. जावई लष्करात, कुठल्या तरी बर्फातल्या ठाण्यावर, त्याचाही लागेना. राहिला उदयसिंहाचा एकच. आबांनी अंकिताकडून गोजाबाईंचा फोटो काढवून घेतला, नळ्या लावलेला, डोळे मिटलेला, आणि पाठवला. त्यांना वाटलं, आता तरी झालं काम.

उदयसिंहाचा फोन आला. आवाज मऊ होता.

"आबा, फोटो बघितला. पण रागावू नगा. तसा फोटो तुमचाबी आला हुता की पेपरात. तोंडावर मास्क लावलेला."

आबा जिन्यातच खाली बसले.

खरं होतं ते. त्या वर्षी विधानसभेत सरकारवर विश्वासाचा ठराव होता. इकडून मत दिलं तर हे रागावणार, तिकडून दिलं तर ते. आबांनी मधला मार्ग काढला. छातीत कळ आली म्हणून ओळखीच्या दवाखान्यात जाऊन निजले. मास्क लावला, पेपरवाल्यांना बोलावलं, कार्यकर्त्यांनी देव पाण्यात घातले. गोजाबाईंना सांगितलं, तू पायाशी बसून रड. त्या म्हणाल्या, "मला न्हाय जमायचं. आज रड म्हणताय, उद्या डोरलं काढून बस म्हणाल. माझं कुंकू असं बाजारात मांडू नगा." आणि त्या घरी निघून गेल्या. पण सुकन्या शाळेत जाणारी पोर, तिला कुणी खरं सांगितलंच नाही. ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून राहिली. जेवली नाही. माळावरच्या बिरोबाला अनवाणी येईन म्हणून बोलली. ठराव झाला, आबा घरी आले आणि पहिल्या पंगतीलाच मटणाची वाटी पुढं ओढली. दारात उभी राहून ती बघत होती. पायाला फोड येईतो अनवाणी जाऊन नवस मात्र फेडून आली.

"उदय," आबा म्हणाले, "तवाचं सोड. आजचं खरं हाय. तुझ्या पाया पडतो."

उदयसिंह घुटमळला. आबांना ते घुटमळणं ऐकू आलं. माणसाला खरं पटलंय पण पटून चालणार नाही, अशा वेळी तो असाच घुटमळतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

"आबा, खरं असंल तर मलाबी वाईट वाटतंय. पण एका मताचा खेळ हाय. उद्या दुपारी मतदान झालं की मी स्वतः माझ्या गाडीतनं ताईंना आणून सोडतो. तवर काकू काय... दवाखान्यात हायत, डॉक्टर हायत. तुमी धीर धरा."

फोन ठेवला गेला, आणि नंतर लागेना.

उद्या मी स्वतः आणून सोडतो. अगदी हेच शब्द आबांनी एकदा मनात योजले होते, कोंडीबासाठी. कोंडीबा हा साधा शेतकरी सदस्य, सहलीवर असताना त्याचा बाप गेला. निरोप आबांकडं आला. आबांनी तो गिळला. दीड दिवस कोंडीबाबरोबर पत्ते खेळले, त्याच्या ताटात जिलेबी वाढली. मतदान झालं, सभापती आपला झाला, गुलाल उधळला, आणि परतीच्या वाटेवर आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. कोंडीबा गाडीतून उतरला तो डोक्यावर गुलाल घेऊनच मसणवट्यात गेला. तिथं राख होती. आबा मागून गेले, चार शब्द बोलायला लागले, तर तो एवढंच म्हणाला, "मत दिलं की वो तुमाला." पुढं तो आबांच्या दारात कधी आला नाही. आणि आबांनीही, खरं सांगायचं तर, त्याची फारशी आठवण काढली नाही. राजकारणात असं होतं, असं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. ते आज जिन्यात त्यांच्याशेजारी येऊन बसलं.

पोलिसात जावं तर सुकन्या स्वखुशीनं गेलेली. कलेक्टरला फोन लावला, तर पी.ए.नं नाव विचारलं, मग पुन्हा विचारलं. माजी शब्दाची किंमत आबांना त्या दुपारी नीट कळली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची जोखीम या वयात घेता येणार नाही, रात्र काढली तर बघू.

रात्र गोजाबाईंनी काढली, आणि बाकड्यावर बसून आबांनीही. पहाटे त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. सहल कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती शेवटी कुठं येणार ते ठाऊक होतं! मतदानाला नेण्याआधी सगळ्यांना बिरोबापुढं उभं करून भंडारा उचलायला लावायचा, गद्दारी करणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावायची, हीसुद्धा त्यांचीच रीत. उदयसिंह तीत काडीचा बदल करणार नाही.

ते आत गेले. गोजाबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते.

"गोजा, मी सुकूला घेऊन येतो. तवर कुटं जायचं न्हाय. ऐकलं का?"

गोजाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. तो चेहरा नवऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईचा होता की नाही, हे आबांना ठरवता आलं नाही. अंकिताला जवळ बसवून ते निघाले. माळावरचं देऊळ तासाभराच्या वाटेवर. येडू गाडी चांगली हाणत होता, तरी आबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "येडू, झोपलास का काय!" वाटेत गायी आडव्या आल्या, एक ट्रॅक्टर ऊस घेऊन रस्ता अडवून चालला होता, आणि प्रत्येक वेळी आबांचा हात खिशातल्या रुमालावर जात होता.

ते पोचले तेव्हा देवळापुढं कुणी नव्हतं. पुजारी झाडत होता. रीत बदलली असेल तर? दुसराच देव गाठला असेल तर? ते पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग धुरळा दिसला. पांढरी मोठी गाडी आली, मागं उदयसिंहाची. सदस्य उतरायला लागले, झोपमोड झालेले, नवे कपडे घातलेले. सुकन्या शेवटी उतरली. तिनं बापाला पाहिलं आणि ती थांबली.

"सुकू, चल. आई सिरीयस हाय."

सुकन्या हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट एक थकलेलं हसू होतं.

"उदयदादा राती म्हणालाच हुता," ती म्हणाली. "आबा येतील, आन आईचं नाव घेतील. मी म्हणलं, आईचं न्हाय घेणार. एवढ्या खालच्या थराला न्हाय जाणार. आबा, कुणी पाठवलंय तुमाला? किती कबूल केलंय?"

"अगं, तुझी आई मरायला लागलीया!"

"मीबी एकदा फाटकाबाहेर बसून असंच म्हणत हुते. माझा बाप मरायला लागलाय म्हणून."

आजूबाजूचे सदस्य पायातल्या धुळीकडं बघायला लागले. उदयसिंह पुढं आला, हात जोडून, तोंडावर काळजी आणि पायात घाई. "आबा, दुपारपर्यंतचा प्रश्न हाय. ताई, चला, भंडारा उचला."

आबांनी झटकन पुजाऱ्याच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला. "बिरोबाची आन हाय सुकू! खोटं बोलत असंन तर..."

"ह्याच देवाची आन तुमी किती येळा घेतली, आबा? इलेक्शन आलं की घ्यायची. देवबी ओळखत आसंल तुमाला."

आबांनी अंकिताला फोन लावून बघितला, माळावर रेंज नव्हती. उभ्या जन्मात माणसं वळवली, आणि पोटची पोर वळेना. घाम पुसायला त्यांनी पिवळ्या झालेल्या हातानं खिशातला रुमाल ओढला. त्यात काय बांधलंय याचं भान त्यांना नव्हतं. गाठ सुटली. बांगड्या फरशीवर घरंगळल्या, एक जोडवं पायरीखाली गेलं, आणि डोरलं सुकन्याच्या पायाशी पडलं.

सुकन्या वाकली. तिनं ते उचललं, तळहातावर घेतलं. काळे मणी, मधल्या दोन वाट्या, एका वाटीला लहानपणी तिनंच चावून पाडलेला पोचा.

"हे कुणी काढलं?" तिचा आवाज एवढासा झाला.

"नर्सनं. डोक्याच्या फोटोला नेताना."

डोरलं मुठीत धरून ती येडूच्या गाडीकडं धावत सुटली. उदयसिंह आडवा आला, "ताई, फक्त मत..." पण तिनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो बाजूला झाला. आबा मागून धापा टाकत आले आणि गाडीत पडले.

परतीच्या वाटेवर सुकन्या पुढच्या सीटला धरून रस्त्याकडं बघत होती, तिनं बघितलं की रस्ता लवकर सरेल जणू. थोड्या वेळानं तिनं न वळताच विचारलं, "माझं नाव घेतलं का तिनं?"

"सारखं घेती. सुकू आली का म्हणून."

"तुमी काय सांगितलं?"

"वाटंत हाय म्हणून."

सुकन्यानं मान हलवली. मग तिचा हात मागं आला आणि बापाच्या गुडघ्यावर टेकला. आबांना रडू आलं. ते त्यांनी दाबलं नाही.

सोलापूर दिसायला लागलं होतं. चिमण्या, टाक्या, उड्डाणपुलाचे खांब. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. अंकिताचा होता. आबांनी कानाला लावला, ऐकला, आणि मांडीवर ठेवला. पोरगी पलीकडून अजून रडतच होती.

"कोण? अंकिता?" सुकन्या वळली. "काय म्हणती? आबा, बोला की."

जुनी विद्या आपोआप आबांच्या जिभेवर आली होती. सांगायचं नाही. पोचेपर्यंत सांगायचं नाही. वाट बघतीया म्हण, चार घटका पोरीला आशेवर राहू दे, त्यात कुणाचं काय जातं? पण त्यांना गाडीतून उतरणारा कोंडीबा दिसला, डोक्यावरच्या गुलालासकट.

"सुकू," ते म्हणाले, "आई गेली."

येडूनं गाडी हळू केली.

"खोटं," ती म्हणाली.

"सुकू..."

"खोटं बोलताय तुमी. आयुष्यभर बोलला, आताबी बोलताय." तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि लहान पोरीसारखी हलवायला लागली. "म्हणा की आबा, खोटं हाय म्हणून. एकदा म्हणा. येडूमामा, गाडी का हळू केली तुमी? हाणा की!"

येडूनं डोळे पुसत गाडी हाणली. आबांनी लेकीकडं पाहिलं. दोन वेळची आमदारकी, हजारो सभा, लाखो माणसांना सांगितलेल्या हजार गोष्टी. ती एवढंच मागत होती, आणि ते एवढं एक खोटं त्यांच्या तोंडातून काही केल्या निघेना.